बेटांची चांदी



न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात वसंतातील व्याख्यानांची प्रथा सुरू केली, तेव्हापासून या व्यासपीठावर धर्म, समाज, साहित्य, अर्थकारण असे भारदस्त विषय येत गेले. त्या परंपरेत ‘चिमुकल्या बेटांनी हौशी लोकांसाठी काढलेली चांदीची नाणी’ हा विषय जाहीर झालेला पाहून काहींना नवल वाटले असेल. मागाच्या खडखडाटात दिवस काढणाऱ्या भिवंडीकराला पॅसिफिक महासागरातील बेटांच्या नाण्यांशी काय कर्तव्य, असे कोणी विचारल्यास तो प्रश्न अगदी रास्त आहे. त्याचे उत्तर मी एका वाक्यात देऊ शकत नाही, ते तासाभरात द्यावे असा माझा बेत आहे. एवढे मात्र आताच सांगून ठेवतो की ज्या घरात लक्ष्मीपूजनाला एखादा जुना चांदीचा रुपया ताटात ठेवतात, आणि धनत्रयोदशीला ऐपतीप्रमाणे चांदीचे एखादे नाणे विकत घेतात, त्या प्रत्येक घराशी या विषयाचा संबंध आहे.

प्रथम ही बेटे आणि ही नाणी म्हणजे काय प्रकार आहे, ते पाहू.

न्यूझीलंडच्या ईशान्येला नीयुए नावाचे एक बेट आहे. तेथील लोकसंख्या दोन हजारांच्याही आत. तुवालू हे स्वतंत्र राष्ट्र, पण त्याची सारी जमीन मिळून सुमारे २६ चौरस किलोमीटर आणि माणसे दहा-अकरा हजार. पलाऊची वस्ती सुमारे अठरा हजार, कूक बेटांची सुमारे पंधरा हजार. आपल्या भिवंडी-निजामपूर शहराची लोकसंख्या २०११च्या शिरगणतीत सात लाखांवर भरली होती. तेव्हा ही चारही राज्ये एकत्र करून आपल्या शहरात आणून वसविली, तरी ती दोन-तीन मोहल्ल्यांत मावून जातील. व्यवहारासाठी नीयुएमध्ये न्यूझीलंडचा डॉलर चालतो, तुवालूमध्ये ऑस्ट्रेलियाचा, पलाऊमध्ये अमेरिकेचा. म्हणजे दैनंदिन देवघेवीसाठी त्यांना स्वतःच्या चांदीच्या नाण्यांची गरज नाही. आणि तरीसुद्धा जगातील संग्राहकांच्या याद्या चाळाव्यात, तर या बेटांच्या नावाची चांदीची नाणी शेकड्यांनी सापडतात. नीयुएच्या नाण्यांवर चित्रपटांतील अंतराळवीर आहेत, मिकी माउस आहे. पलाऊच्या एका नाण्यात फ्रान्समधील लूर्द या तीर्थक्षेत्राचे पाणी बसविलेले आहे. कूक बेटांच्या काही नाण्यांत आकाशातून पडलेल्या उल्केचा कण जडविलेला आहे. बेटाचे नाव एका बाजूला आणि दुसऱ्या बाजूला ज्याचा बेटाशी काडीचाही संबंध नाही असे चित्र, हा या नाण्यांचा नित्याचा थाट आहे.

ही नाणी त्या बेटांवर पाडली जात नाहीत. तेथे टांकसाळ नाही. ती न्यूझीलंडमधील खासगी कारखान्यात, ऑस्ट्रेलियातील पर्थच्या टांकसाळीत, जर्मनीत किंवा अन्यत्र पडतात. ती बेटांवर फिरतही नाहीत. ती डबीत, मखमलीच्या गादीवर, प्रमाणपत्रासह जन्माला येतात आणि त्याच डबीत आयुष्य काढतात. मग त्यांना नाणे का म्हणावयाचे? याचा उलगडा व्हावयाचा तर नाण्याला किंमत येते कोठून, या मूळ प्रश्नाला हात घालावा लागेल.

माझ्या मते नाण्याच्या किमतीला तीन उगम आहेत. पहिला धातू, दुसरा शिक्का आणि तिसरा हौस. धातू म्हणजे आत किती चांदी आहे ते. शिक्का म्हणजे ते पाडणाऱ्यावर लोकांचा असलेला विश्वास. आणि हौस म्हणजे ते आपल्याजवळ असावे ही इच्छा. जुन्या नाण्यांचा इतिहास हा पहिल्यापासून दुसऱ्याकडे जाण्याचा इतिहास आहे, आणि बेटांच्या चांदीचा व्यापार हा तिसऱ्यावर उभा आहे. या तिन्ही गोष्टी आपल्या याच किनाऱ्यावर घडलेल्या आहेत, म्हणून उदाहरणांसाठी फार लांब जावे लागत नाही.

धातूपासून सुरुवात करू. १६५७ साली शिवाजी महाराजांनी कल्याण आणि भिवंडी आदिलशाहीकडून घेतली, हे येथील शाळकरी मुलालाही ठाऊक आहे. त्या आदिलशाहीचे कोकणपट्टीतले चांदीचे नाणे कसे होते, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही. ते वाटोळे नव्हतेच. चांदीची जाड तार घेऊन ती मध्यावर दुमडावयाची आणि तिच्यावर ठसा मारावयाचा, तो ठसाही अर्धामुर्धा उमटे. या नाण्याला ‘लारी’ म्हणत. इराणातील लार या शहरावरून हे नाव पडले. इराणी आखातापासून कोकणापर्यंत आणि तेथून सिंहलद्वीप व मालदीवपर्यंत लारी चाले. विजापूरच्या अली आदिलशहाच्या नावाच्या लाऱ्या सापडलेल्या आहेत. मालदीवच्या सुलतानांनीही लारी पाडली आणि आजसुद्धा मालदीवच्या रुफियाचा शंभरावा भाग ‘लारी’ याच नावाने ओळखला जातो. एका बेटवाल्या देशाने आपल्या किनाऱ्यावरचे हे नाव अद्याप जपून ठेवले आहे.

लारी इतक्या दूरवर का चालली? ती देखणी होती म्हणून नव्हे. तारेच्या तुकड्यावर कोणत्या राजाचे नाव आहे हे बहुतेक खलाशांना वाचताही येत नसे. ती चालली ती तिच्यातल्या शुद्ध चांदीमुळे. तार वाकवून पाहता येई, कापून पाहता येई, आत तांबे घातले असल्यास लपत नसे. ही निव्वळ धातूची किंमत. येथे शिक्का नावापुरता आणि हौस शून्य.

आता शिक्क्याकडे येऊ, आणि त्यासाठी पुन्हा एका चिमुकल्या बेटाकडे जाऊ. ते बेट आपल्यापासून बारा-चौदा कोसांवर आहे. मुंबई हे त्याचे नाव. १६६८ साली इंग्लंडच्या राजाने ते बेट ईस्ट इंडिया कंपनीला वर्षाकाठी दहा पौंड भाड्याने देऊन टाकले. कंपनीने १६७२च्या सुमारास तेथे स्वतःची नाणी पाडण्यास आरंभ केला. सोन्याच्या नाण्याला कॅरोलिना, चांदीच्या नाण्याला अँग्लिना, तांब्याच्याला कॉपरून आणि कथलाच्याला टिनी अशी नावे ठेवली. अँग्लिना दिसावयास झोकदार होती. तिच्यावर कंपनीचे मानचिन्ह होते, युरोपी लिपीतील अक्षरे होती. चांदीही वाईट नव्हती. पण बेटाबाहेर, खाडीच्या अलीकडे, तिला कोणी विचारीना. कल्याणच्या, सुरतेच्या सराफाला त्या अक्षरांशी काय करावयाचे? त्याला माहीत होता बादशहाचा शिक्का. पुढे कंपनीने फारसी अक्षरांत, पण इंग्लंडच्या राजाच्या नावाने रुपये पाडून पाहिले, तेव्हा मोगल दरबाराची मर्जी खप्पा झाली. अखेर १७१७ साली फर्रुखसियर बादशहाकडून फर्मान मिळवावे लागले. त्यानंतर मुंबईच्या टांकसाळीतून बादशहाच्या नावाचा रुपया निघू लागला आणि मग तो बिनबोभाट चालला.

ही हकिकत मी थोड्या विस्ताराने सांगितली, कारण तिच्यात आजच्या विषयाचे मर्म आहे. चांदी तीच, बेट तेच, टांकसाळ तीच. फरक पडला तो नावाने. दुर्बळ बेटाला आपली चांदी खपविण्यासाठी बलाढ्य बादशहाचे नाव उसने घ्यावे लागले. आज याच्या नेमके उलट झाले आहे. बलाढ्य देशांतील कारखानदार आपली चांदी खपविण्यासाठी दुर्बळ बेटांचे नाव उसने घेत आहेत!

असे का झाले, हे समजण्यासाठी आपल्या रुपयाचीच गोष्ट पुढे नेऊ. १८३५ साली कंपनी सरकारने सर्व मुलखासाठी एकच रुपया ठरविला. वजन १८० ग्रेन, म्हणजे ११.६६ ग्रॅम. त्याच्या बारा भागांत अकरा भाग शुद्ध चांदी. आपला तोळा तो हाच. सराफाच्या तराजूत वजन म्हणून हाच रुपया घालीत. त्या काळी कोणीही चांदीची लगड घेऊन मुंबईच्या टांकसाळीत जावे, ठरावीक आकार भरावा आणि तिचे रुपये करून आणावेत, अशी मुभा होती. रुपयाची किंमत आणि रुपयातल्या चांदीची किंमत यांची त्यामुळे कधी फारकत होत नसे. १८९३ साली सरकारने ही मुभा बंद केली. चांदीचा भाव जगात घसरत होता, रुपया मात्र सरकारला वर धरावयाचा होता. त्या दिवसापासून बंदा रुपया हा चांदीचा असूनही चांदीच्या भावाने चालेनासा झाला. तो शिक्क्याच्या भावाने चालू लागला.

दुसऱ्या महायुद्धाने उरलीसुरली गाठ सोडविली. लोक धास्तीने रुपये पुरून ठेवू लागले, चिल्लरीची टंचाई झाली, आणि १९४० साली सरकारने रुपयातली चांदी निम्म्यावर आणली. पन्नास टक्के चांदी, चाळीस टक्के तांबे, पाच टक्के निकेल आणि पाच टक्के जस्त, असा चार धातूंचा मिलाफ ठरला. हे आकडे कृपा करून ध्यानात ठेवा, पुढे त्यांचे काम आहे. जुने, पूर्ण कसाचे रुपये १९४१ ते १९४३ या काळात टप्प्याटप्प्याने चलनातून रद्द झाले. ज्यांनी ते परत केले नाहीत त्यांच्या घरी ते राहिले. आपल्या पूजेच्या ताटातला राणीछाप रुपया त्यांपैकीच. युद्धकाळात अमेरिकेकडून उसनवारीच्या कराराने २२ कोटी ६० लाख औंस चांदी हिंदुस्थानने आणली होती. म्हणजे जवळजवळ सात हजार टन. स्वातंत्र्यानंतर ती परत करावयाची वेळ आली, तेव्हा लोकांच्या हातातले हे चार धातूंचे रुपये गोळा करून, कलकत्त्याजवळ अलीपूरला खास कारखाना उभारून, त्यातली चांदी गाळून काढण्यात आली आणि १९५७ पर्यंत ते ऋण फेडण्यात आले. एका गरीब राष्ट्राने खिशातला रुपया वितळवून कर्ज फेडले, ही गोष्ट पाठ्यपुस्तकात असावयास हवी होती.

तर अशा रीतीने चांदीने चलनाचा निरोप घेतला. केवळ आपल्याकडेच नव्हे, विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जगभर तेच झाले. व्यवहारात कागद आणि निकेल राहिले. आणि चलनातून हद्दपार झालेली चांदी मागच्या दाराने परत आली, ती स्मारक नाण्याच्या रूपाने. चांदीच्या नाण्याची सवय माणसाच्या हाताला अडीच हजार वर्षांची होती. ती सवय एका कायद्याने कशी सुटणार? जे व्यवहारात मिळत नाही, ते हौसेच्या बाजारात खपते. १९६४ साली अमेरिकेत फ्रँकलिन मिंट नावाचा खासगी कारखाना निघाला. त्याने पुढे बार्बाडोस, बहामा, कूक बेटे अशा अनेक लहान देशांच्या नावाने नाणी पाडून घरोघर टपालाने विकली. त्याच्याही आधी, १९६२ साली, टोंगा या बेटराज्याने संग्राहकांकडे डोळा ठेवून सोन्याची नाणी काढली होती. १९६३ साली याच टोंगाने सोनेरी वर्खाची वाटोळी टपाल तिकिटे काढून जगाला चकित केले. टपालाचे तिकीट पत्रावर न लागता वहीत जावे आणि नाणे बाजारात न जाता डबीत जावे, ही युक्ती एकाच मुशीतली आहे.

व्यवहाराची रीत साधारण अशी. कारखानदार बेटाच्या सरकारकडे जातो. सरकार आपल्या नावाने नाणे काढण्याची परवानगी देते आणि त्याबद्दल मानधन घेते. नाण्यावर मूल्य लिहावयाचे असते, कारण मूल्य नसले तर ते नाणे न राहता पदक होते आणि संग्राहक पदकाला नाण्याइतके दाम देत नाही. मग मूल्य किती लिहावयाचे? नीयुएच्या एका औंसाच्या, म्हणजे ३१.१ ग्रॅम शुद्ध चांदीच्या नाण्यावर ‘दोन डॉलर’ असे लिहिलेले आढळते. न्यूझीलंडचे दोन डॉलर म्हणजे आपले शंभराच्या आसपास रुपये. आतली चांदीच त्याच्या कित्येक पट किमतीची, आणि डबीची विक्रीची किंमत त्याहूनही वर. तेव्हा ते नाणे घेऊन कोणी नीयुएच्या दुकानात नारळ विकत घ्यावयास जाईल, अशी भीती नाही. बेटाला ते कधीच परत घ्यावे लागत नाही. कायद्याने चलन, पण चालत मात्र नाही, असे हे चमत्कारिक अपत्य आहे.

यावर हसावे की रागवावे? पुष्कळ लोक रागावतात. ते म्हणतात, राष्ट्राचे नाव ही का विकावयाची वस्तू आहे? मला हा राग अर्धाच पटतो. ज्या देशाजवळ शेतीला माती पुरेशी नाही, खाणी नाहीत, कारखाने नाहीत, आणि ज्याच्या अंगणात समुद्र वर्षावर्षाला वर चढतो आहे, त्याच्याजवळ विकण्यासारखे काय उरते? मासेमारीचा हक्क उरतो आणि नाव उरते. तुवालूला संगणकाच्या पत्त्यांमध्ये ‘टीव्ही’ ही दोन अक्षरे वाट्याला आली, तर त्याने तीसुद्धा भाड्याने दिली आणि त्या उत्पन्नावर राज्याचा बराच भार चालविला. यात चोरी नाही, फसवणूक नाही. आणि आपण भिवंडीकरांनी तर या बाबतीत जपून बोलावे. आपले हजारो माग रात्रंदिवस कोरे कापड विणतात. त्यातले बरेच मजुरीवर विणले जाते, ते रंगते दुसरीकडे, छापले जाते तिसरीकडे आणि बाजारात चौथ्याच्या नावाने जाते. आपण श्रम देतो आणि नाव दुसऱ्याचे लागते. नीयुए नाव देते आणि श्रम दुसऱ्याचे असतात. दोघांच्याही हाती येतो तो एकूण किमतीतला लहानसा हिस्सा. नाव आणि श्रम यांची ताटातूट झाली की मधला मनुष्य श्रीमंत होतो, हा नियम पॅसिफिक महासागरात जसा खरा, तसाच कामवारी नदीच्या काठी खरा आहे.

मात्र एक दुःख मला वाटते, ते निराळे आहे. याच तुवालूने १९७६ साली आपली पहिली चलनी नाणी काढली. त्यांवर शंख आहे, खेकडा आहे, उडता मासा आहे, आठ पायांचा अष्टपाद आहे, कासव आहे. कूक बेटांनी १९७२ साली आपल्या डॉलरवर तांगारोआ या स्वतःच्या देवतेची मूर्ती घातली. नाण्यांकडे पाहिले की ते लोक कोण, कोठे राहतात, काय खातात, कोणाला भजतात हे कळते. हे खरे स्मारक. मिकी माउसच्या नाण्यावरून नीयुएबद्दल आपल्याला काय कळणार? बेटाचे नाव जगभर गेले आणि बेट मागेच राहिले.

आता आपल्या घरात डोकावू. दुसऱ्याच्या ताटात पाहून झाले म्हणजे आपल्या ताटात पाहावे.

मुंबईच्या कोटात, जुन्या टाउन हॉलजवळ, आपली टांकसाळ आहे. तिची इमारत १८२९च्या सुमाराची. नाण्यावर सालाखाली बारीक चौकट चिन्ह दिसले की ते मुंबईचे, हे पुष्कळांना ठाऊक असते. स्वतंत्र भारताचे पहिले स्मारक नाणे १९६४ साली पंडित नेहरूंच्या निधनानंतर निघाले. ते रुपयाचे आणि अर्ध्या रुपयाचे होते, निकेलचे होते, आणि लोकांच्या हातात फिरले. १९६९ साली गांधी जन्मशताब्दी आली. त्या वेळी दहा रुपयांचे चांदीचे नाणे निघाले. वजन १५ ग्रॅम, चांदी ८० टक्के, म्हणजे आत १२ ग्रॅम चांदी. मुंबईच्या टांकसाळीने संग्राहकांसाठी आरशासारख्या झळाळीचे खास संचही विकले. १९७२ साली स्वातंत्र्याच्या रौप्यमहोत्सवाचे दहा रुपयांचे नाणे निघाले. वजन साडेबावीस ग्रॅम! पाहणाऱ्याला वाटावे, काय भरघोस नाणे आहे. पण चांदी ५० टक्क्यांवर आली होती, म्हणजे आत सव्वाअकरा ग्रॅम. नाणे दीडपट जड झाले आणि चांदी कमी झाली. सराफकट्ट्यावर असा दागिना आला असता तर चतुर गृहिणीने तो तेथल्या तेथे परत केला असता.

पुढे ही वाट रुंद होत गेली. २०१० साली तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराला एक हजार वर्षे झाली, म्हणून एक हजार रुपयांचे नाणे निघाले. ३५ ग्रॅम वजनाचे, ८० टक्के चांदीचे. २०११च्या नाण्यांच्या कायद्याने नाण्याच्या मूल्याची कमाल मर्यादाही एक हजार रुपये ठेवली आहे. २०१५ साली डॉक्टर बाबासाहेब आंबेडकरांच्या सव्वाशेव्या जयंतीच्या वर्षात १२५ रुपयांचे नाणे निघाले. २०२३ साली संसदेच्या नव्या इमारतीच्या उद्घाटनाला ७५ रुपयांचे निघाले. या शेवटच्या नाण्याचा मिलाफ कोणता? पन्नास टक्के चांदी, चाळीस टक्के तांबे, पाच टक्के निकेल, पाच टक्के जस्त. मघाशी ध्यानात ठेवावयास सांगितलेले आकडे ते हेच. युद्धाच्या ओढग्रस्तीत परक्या सरकारने लोकांच्या रुपयातली चांदी काढून घेतली, तेव्हा जो मिलाफ वापरला, तोच २०२३ साली गौरवाच्या नाण्याला वापरला गेला. १९४० साली तो टंचाईचा धातू होता, २०२३ साली तो समारंभाचा धातू झाला. धातू तोच, भावना बदलली.

तेव्हा बेटांना नावे ठेवण्याचा आपला अधिकार मर्यादित आहे. आपल्याही टांकसाळीतून व्यवहारासाठी नसलेली नाणी निघतात, ती मागणी नोंदवून डबीतून घ्यावी लागतात. फरक आहे तो एवढाच की आपण आपल्याच माणसांचे आणि आपल्याच प्रसंगांचे स्मरण करतो. हा फरक लहान नाही, हे मी आनंदाने कबूल करतो.

पण स्मरण कसे करावे, याचे दोन मार्ग आपल्याच नाण्यांत दिसतात. १९९९ साली ज्ञानेश्वर माउलीचे एक रुपयाचे नाणे निघाले. त्याच वर्षी शिवछत्रपतींचे दोन रुपयांचे नाणे निघाले. २००२ साली तुकोबांचे, दोन रुपयांचे. २००७ साली लोकमान्यांचे, पाच रुपयांचे. त्यांत चांदी नव्हती. ती नाणी भाजीच्या टोपलीत गेली, एसटीच्या वाहकाच्या चामडी पिशवीत गेली, मशिदीपुढच्या आणि देवळापुढच्या याचकाच्या वाडग्यात गेली. ज्याने आयुष्यात पुस्तक उघडले नाही त्याच्या तळहातावर तुकोबा एकदा तरी येऊन गेले. सव्वाशे रुपयांचे नाणे ज्यांच्या घरी आहे, त्यांनी ते आदराने जपले असेल यात संशय नाही. पण त्याच प्रसंगाचे दहा रुपयांचे नाणेही निघाले, आणि बाबासाहेबांची मुद्रा खऱ्या अर्थाने लोकांत नेली ती त्या दहा रुपयांच्या नाण्याने. शिवछत्रपतींनी १६७४ साली राज्याभिषेकाच्या सुमारास सोन्याचा होन पाडला आणि तांब्याची शिवराई पाडली. होन थोड्यांनी पाहिला. शिवराई मात्र महाराजांच्या मागे दोनशे वर्षे बाजारात फिरत राहिली, आणि राज्य गेल्यावरही छत्रपतींचे नाव कुणब्याच्या कनवटीला राहिले. स्मारक म्हणावे ते याला.

तथापि या मार्गालाही एक काटा आहे, आणि तो आपल्याला चांगलाच रुतला आहे. चलनी नाण्यावर दर वर्षी नवे चित्र येऊ लागले की साधा मनुष्य गोंधळतो. दहा रुपयांच्या नाण्याचे असेच झाले. एकावर एक प्रसंगांची नाणी निघाली, रुपयाचे नवे चिन्ह आले, आणि पुष्कळ दुकानदार म्हणू लागले, ‘हे नाणे चालत नाही.’ अखेर जानेवारी २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेला पत्रक काढून सांगावे लागले की दहा रुपयांची चौदा प्रकारची नाणी निघाली आहेत आणि ती सर्व चालू आहेत. दिवसभर मागावर उभे राहिलेल्या मजुराने संध्याकाळी पावासाठी दहाचे खरे नाणे पुढे करावे आणि ते परत यावे, हा अपमान किती जणांनी सोसला असेल! अँग्लिनाची गोष्ट ती हीच. शिक्का ओळखीचा नसला की खरे नाणेही खोटे ठरते. ज्या मुद्रेवर सर्वांचा विश्वास बसावयाचा, ती मुद्रा वारंवार बदलू नये. स्मरणाचा उत्साह आणि चलनाची स्थिरता यांत सरकारने तारतम्य राखले पाहिजे. प्रसंग थोडे निवडावेत, पण निवडलेले नाणे भरपूर पाडावे आणि त्याचे चित्र गावोगावच्या बँकांत लावावे, असे माझे मत आहे.

आता शेवटचा मुद्दा, आणि माझ्या दृष्टीने सर्वांत निकडीचा. तो विकत घेणाराविषयी आहे.

हौसेला मोल नसते असे आपण म्हणतो. परंतु हौसेला मोड नसते हेही म्हटले पाहिजे. आपल्या आयाबहिणी सराफाकडे जाताना दोन शब्द बरोबर घेऊन जातात: घडणावळ आणि मोड. दागिना घेताना घडणावळ द्यावी लागते, मोडताना ती परत मिळत नाही. कसाप्रमाणे धातूची किंमत तेवढी हाती येते, हे त्या कधी विसरत नाहीत. आणि हीच चाणाक्ष माणसे डबीतले, प्रमाणपत्राचे, ‘मर्यादित संख्येत’ काढलेले नाणे समोर आले की घडणावळ विसरतात. नाणे म्हटले की त्यावर सरकारचा भरवसा असेल आणि पुढे किंमत चढेलच, असे वाटू लागते. सरकार भरवसा देते तो नाण्यावर लिहिलेल्या आकड्याचा. विक्रीच्या किमतीचा भरवसा कोणीही देत नाही. ‘मर्यादित संख्या’ म्हणजे तरी काय? एका बेटाची एक हजार प्रकारची नाणी निघाली आणि प्रत्येकाची संख्या मर्यादित असली, तर एकंदरीत मर्यादा कोठे राहिली? दुर्मिळता ही घेणाऱ्यांच्या संख्येवरही ठरते. ज्याला विचारणारा नाही ते कितीही थोडे असले तरी दुर्मिळ नव्हे, ते नुसतेच थोडे आहे.

धातूचा आधार तरी पक्का आहे काय? जानेवारी १९८० मध्ये चांदीचा भाव औंसाला पन्नास डॉलरच्या जवळ गेला होता. टेक्ससच्या हंट बंधूंनी प्रचंड साठेबाजी केली होती. त्या तेजीत हौसेने घेतलेली कितीतरी स्मारक नाणी आणि पदके डब्यांतून निघून भट्टीत गेली, कारण चित्रापेक्षा धातूला जास्त दाम येत होते. मार्चअखेर भाव कोसळून अकरा डॉलरच्या आसपास आला. दोन-अडीच महिन्यांत हे घडले. ज्यांनी संसाराची पुंजी त्यात घातली होती त्यांचे काय झाले असेल, याची कल्पना आपण करू शकता.

म्हणून असे नाणे समोर आले की तीन प्रश्न विचारावेत. यात चांदी किती ग्रॅम, आणि आजच्या भावाने तिचे किती रुपये होतात? यावर मूल्य कोणी लिहिले आहे, आणि ते त्या मूल्याने परत घेण्यास कोण बांधलेला आहे? आणि या दोहोंच्या वर मी जे देतो आहे, ते कशाचे? तिसऱ्या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर ‘माझ्या आनंदाचे’ असे येत असेल, तर खुशाल घ्यावे. मनुष्य नाटकाचे तिकीट काढतो, ते मोडून पैसे मिळावेत म्हणून नव्हे. मुलाच्या हातात जगाच्या पाठीवरच्या एका बेटाचे नाव पडले, त्याने नकाशा उघडून ते बेट शोधले, तर दिलेले दाम वसूल झाले असे मी समजेन. पण उत्तर ‘मुलीच्या लग्नासाठी साठवण’ असे येत असेल, तर ती डबी तेथेच ठेवावी. साठवणच करावयाची तर साधी लगड घ्यावी, किंवा पोस्टात खाते उघडावे. जो दिवसाला शेकड्यांत कमावतो, त्याची हौस आणि त्याची पुंजी ही दोन निरनिराळ्या गाठोड्यांत असावीत. एकाच गाठोड्यात बांधली की हौसही फिटत नाही आणि पुंजीही उरत नाही.

लारीने आपल्या पूर्वजांना धातूची पारख शिकविली. मुंबई बेटाच्या रुपयाने शिक्क्याची पारख शिकविली. आजच्या बेटांची चांदी आपल्याला तिसरी पारख शिकावयास सांगते आहे, ती आपल्या स्वतःच्या इच्छेची. पहिल्या दोहोंसाठी कसोटीचा दगड आणि सराफाची नजर पुरत असे. या तिसरीसाठी दुकानात शिरण्यापूर्वी मनाशी क्षणभर थांबावे लागते. पुढच्या धनत्रयोदशीला आपण हे तीन प्रश्न बरोबर नेलेत, तर येथे घालविलेली ही संध्याकाळ सत्कारणी लागली असे मी मानीन.